गॅसच्या नळीत औषध किती? हायड्रेटच्या हिशेबाचा इतिहास

मंडळी, आजचा विषय वाचून काहींनी कपाळाला आठ्या घातल्या असतील. परभणी जिल्ह्यात समुद्र नाही, गॅसची विहीर नाही. गोदावरी आहे, पूर्णा आहे, दुधना आहे, पण त्यांच्या काठी कुणी गॅस काढत नाही. मग समुद्रातून येणाऱ्या गॅसच्या नळीत मिथेनॉल किती सोडायचं, हा हिशेब आम्ही इथे येऊन का मांडतोय?

उत्तर तुमच्या शेतात पडलेलं आहे. युरियाचं एक पोतं ४५ किलोचं. त्यात ४६ टक्के नत्र. हे नत्र हवेतून येतं, पण त्याला जोडायला हायड्रोजन लागतो, आणि तो आपल्याकडे मुख्यतः नैसर्गिक वायूतून काढतात. एका पोत्यामागे ढोबळमानाने तीस घनमीटर गॅस खर्च होतो. ट्रॉम्बे आणि अलिबागजवळचं थळ इथले राष्ट्रीय केमिकल्सचे कारखाने मुंबई हायच्या गॅसमुळे वाढले. आज त्यात आयात केलेला गॅसही मिसळतो, पण सुरुवात तिथून झाली. १९७२ मध्ये परभणीत कृषी विद्यापीठ उभं राहिलं, १९७४ मध्ये मुंबई हायला तेल लागलं, आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत समुद्रातला गॅस मराठवाड्याच्या कापसाच्या सरीपर्यंत पांढऱ्या दाण्यांच्या रूपाने पोचला. हा गॅस नळीतून येतो. नळी तुंबली की पोतं थांबतं. आणि नळी कशाने तुंबते, याची गोष्ट दोनशे वर्षांहून जुनी आहे.

आता हिशेबाचा शब्द घेऊ. इथे बसलेल्या प्रत्येक शेतकऱ्याला पाठीवरच्या पंपाला किती टोपण औषध घालायचं हे ठाऊक आहे. कमी घातलं तर कीड मरत नाही, जास्त घातलं तर पैसे जातात आणि पीकही करपतं. त्यातलं किती पानावर बसलं, किती वाऱ्यावर गेलं आणि किती मातीत पडलं, हे मात्र टोपणावर लिहिलेलं नसतं. गॅसच्या नळीतल्या औषधाचा इतिहास अगदी याच प्रश्नाभोवती फिरतो. टोपणं मोजायचं सूत्र लवकर सापडलं. वाऱ्यावर किती जातं हे समजायला वेळ लागला.

सुरुवात लंडनमध्ये. १८१० साली हम्फ्री डेव्ही क्लोरीन वायूवर काम करत होता. त्या काळी समजूत अशी होती की हा वायू थंड केला की गोठतो, कारण थंडीत त्याचे पिवळसर स्फटिक दिसत. डेव्हीने वायू नीट कोरडा केला आणि उणे ४० अंशांपर्यंत थंड केला. (फॅरनहाइट की सेल्सियस, असं विचारू नका, उणे चाळीसला दोन्ही एकच असतात.) काहीच गोठलं नाही. ओलसर वायू मात्र, साधं पाणी गोठण्याच्याही आधी गोठत होता. म्हणजे ते स्फटिक क्लोरीनचे नव्हते, क्लोरीन आणि पाणी या दोघांचे मिळून होते. १८२३ मध्ये त्याचा सहायक मायकेल फॅरडे याने त्या स्फटिकाचं पृथक्करण केलं: एक भाग क्लोरीन, दहा भाग पाणी.

या प्रयोगाकडे आम्ही पुन्हा पुन्हा बोट दाखवतो. रोग आणि उपाय दोन्ही त्यात एकदम आलेले आहेत. ओल असेल तर स्फटिक, कोरडं असेल तर काही नाही. पण पुढची सव्वाशे वर्षं ही रसायनशास्त्रातली गंमत म्हणूनच राहिली. १८८८ मध्ये फ्रान्समध्ये व्हिलार्डने मिथेनचे, म्हणजे आपल्या नैसर्गिक वायूतल्या मुख्य घटकाचे, असेच स्फटिक बनवून दाखवले. तेव्हाही कुणा अभियंत्याची झोप उडाली नाही. कारण मैलोन्‌मैल जाड दाबाच्या नळ्या तेव्हा नव्हत्या.

त्या आल्या अमेरिकेत. १९३१ च्या सुमारास टेक्सासच्या पॅनहँडल भागातून थेट शिकागोपर्यंत जवळजवळ हजार मैलांची, चोवीस इंची नळी टाकली गेली. आणि हिवाळ्यात नळ्या तुंबू लागल्या. कामगारांनी तोंडं उघडली की आत घट्ट बर्फासारखा गोळा. सगळ्यांनी त्याला बर्फच म्हटलं. पाणी आहे, थंडी आहे, बर्फ होणारच! अडचण एवढीच होती की नळीचं तापमान कित्येकदा शून्याच्या वर असायचं. चार अंश, आठ अंश. आठ अंशांवर पाणी कसं गोठेल? आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा पाचाच्या खाली आला की वर्तमानपत्रात बातमी येते, पण रांजणात बर्फ होत नाही.

टेक्सोमा नॅचरल गॅस कंपनीत हॅमरश्मिट नावाचे रसायनतज्ज्ञ होते. १९३४ मध्ये त्यांनी निबंध छापला आणि सांगितलं, हा बर्फ नाही, हा हायड्रेट आहे. गॅस आणि पाणी यांचा स्फटिक. पाण्याचे रेणू एकमेकांचे हात धरून पिंजरा करतात आणि आत गॅसचा एक रेणू कोंडून बसतो. दाब जितका जास्त, तितका हा पिंजरा वरच्या तापमानालाही टिकतो. सत्तर बार दाबाला (मोटारीच्या टायरात दोन-अडीच बार असतो, त्यावरून अंदाज घ्या) साधारण नैसर्गिक वायूचा हायड्रेट सोळा-सतरा अंशांवरसुद्धा होतो. सतरा अंश म्हणजे परभणीतली हिवाळ्याची छान सकाळ.

पिंजऱ्याचा नेमका नकाशा पुढे क्ष-किरणांनी काढला. त्या कामात जर्मनीतल्या बॉनचे फॉन श्टाकेलबर्ग पुढे होते, म्हणजे ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणणाऱ्यांना इथेही अर्धं श्रेय घेता येईल! पिंजऱ्याचा एक प्रकार ४६ पाण्याच्या रेणूंचा, त्यात आठ खोल्या. दुसरा १३६ रेणूंचा, त्यात चोवीस खोल्या. खोल्या भरल्या तर एका घनमीटर हायड्रेटमध्ये साध्या दाबाचा १६० घनमीटरहून जास्त गॅस कोंडलेला असतो. हा आकडा पुढे एका भयंकर गोष्टीसाठी लागणार आहे, लक्षात असू द्या.

१९३४ नंतर तीन वाटा दिसत होत्या. नळी गरम ठेवा. गॅस कोरडा करा. किंवा पाण्यात असं काही मिसळा की पिंजरा बांधायला त्याला अवघड जाईल. मीठ, अल्कोहोल, पुढे ग्लायकॉल. तत्त्व जुनंच, पाण्यात मीठ घातलं की ते गोठायला जास्त थंडी लागते, कुल्फीवाल्यालाही हे माहीत असतं. तिसऱ्या वाटेसाठी हॅमरश्मिटनी एक सूत्र दिलं, आणि आजही कोणत्याही गॅसच्या अभियंत्याला झोपेतून उठवून विचारा, तो ते सांगेल.

सूत्र शब्दांत सांगतो. किती अंशांचं संरक्षण हवं तो आकडा घ्या. औषधाच्या रेणूचं वजन घ्या, मिथेनॉलचं ३२, मोनो-इथिलीन ग्लायकॉलचं ६२. दोघांचा गुणाकार करा. या गुणाकाराला, तोच गुणाकार अधिक १२९७ या संख्येने भागा. आला तो पाण्यातल्या औषधाचा वजनी हिस्सा. १२९७ हा सेल्सियससाठी. फॅरनहाइटमध्ये काम करणाऱ्यांसाठी तोच स्थिरांक २३३५. जुन्या अमेरिकी पुस्तकातून २३३५ उचलायचा आणि तापमान मात्र सेल्सियसमध्ये भरायचं, हा घोळ फार सोपा आहे. दहा अंशांसाठी बरोबर उत्तर वीस टक्के मिथेनॉल. घोळ केला तर बारा टक्के येतं. कागदावर दोन्ही उत्तरं सारखीच सभ्य दिसतात.

आता एक कल्पित नळी घेऊन हिशेब पूर्ण करू. आकडे आम्ही गोल केलेत, पण प्रमाण खरं आहे. दिवसाला दहा लाख घनमीटर गॅस, दाब सत्तर बार, सुरुवातीला तापमान तीस अंश. म्हणजे एका दिवसात साधारण तेहतीस हजार युरियाच्या पोत्यांचा गॅस. तीस अंशांना पाण्याच्या वाफेने भरलेला हा गॅस घनमीटरमागे सुमारे ०.६५ ग्रॅम पाणी धरून असतो. नळी पुढे थंड भागातून जाते आणि तापमान सात अंशांवर येतं. तिथे गॅस जेमतेम ०.२ ग्रॅम पाणी धरू शकतो. उरलेलं ०.४५ ग्रॅम नळीत ओघळतं. दहा लाखाने गुणलं की दिवसाला ४५० किलो पाणी. दोन-सव्वादोन पिंपं. दहा लाख घनमीटर गॅसमागे दोन पिंपं पाणी म्हणजे काहीच नाही, असं वाटतं. हायड्रेटला एवढं भरपूर झालं.

हायड्रेट होण्याचं तापमान सतरा, नळीचं सात. म्हणजे दहा अंशांचं संरक्षण हवं. सूत्रात घाला: ३२० भागिले १६१७. वीस टक्के. ४५० किलो पाण्यात वीस टक्क्यांचं मिश्रण व्हायला मिथेनॉल लागेल सुमारे ११० किलो. झाला हिशेब. टोपणं मोजून झाली.

नाही झाला. मिथेनॉल उडून जाणारं द्रव आहे. ते पाण्यात बसतं तसं गॅसमध्येही वाफ होऊन बसतं, आणि गॅस दहा लाख घनमीटर आहे. सत्तर बार आणि सात अंशांना पाण्यात वीस टक्के मिथेनॉल टिकवायचं असेल, तर गॅसमध्ये घनमीटरमागे सुमारे एक तृतीयांश ग्रॅम मिथेनॉल वाफेच्या रूपात असावंच लागतं. तो निसर्गाचा सौदा आहे, त्यात घासाघीस नाही. दहा लाखाने गुणा. तीनशे किलोहून जास्त. म्हणजे पाण्याला ११० किलो हवं म्हणून एकूण सोडायचं सव्वाचारशे-साडेचारशे किलो. चारातला एक भाग काम करतो, तीन भाग गॅससोबत फिरायला जातात. गॅससोबत हलकं तेल येत असेल तर तेही थोडं पिऊन टाकतं.

आता उलट बाजूने बघा. कुणी फक्त सूत्र वाचलं आणि ११० किलोच सोडलं तर? त्यातलं बहुतेक वाफ होऊन जाईल आणि पाण्यात उरेल पाच टक्क्यांच्या आसपास. संरक्षण मिळेल दोन-सव्वादोन अंशांचं. हवं होतं दहा. नळी तुंबणार, आणि तो माणूस शपथेवर सांगणार की आम्ही हॅमरश्मिटच्या सूत्राप्रमाणेच औषध सोडलं होतं. आणि ते खोटंही नसेल. सूत्र पाण्यातल्या औषधाबद्दल बोलतं, पंपातल्या नाही.

वाफ होऊन किती जातं याचे भरवशाचे तक्ते १९५० च्या दशकात तयार होत गेले. दरम्यान मिशिगन विद्यापीठात डोनाल्ड कॅट्झ यांनी १९४० च्या दशकात दुसरा मोठा प्रश्न सोपा केला होता: कोणत्या गॅसचा हायड्रेट कोणत्या दाबाला किती अंशांवर होईल? त्यांनी गॅसच्या घनतेवरून वाचता येणारा आलेख दिला. १९४६ मध्ये अमेरिकेच्या खाण विभागातले डीटन आणि फ्रॉस्ट यांनी मोजमापांचं जाडजूड पुस्तक काढलं. १९५९ मध्ये फान डर वाल्स आणि प्लाटेऊव यांनी पिंजऱ्यांचं सांख्यिकी गणित मांडलं, आणि आजची संगणक प्रणाली त्यावरच उभी आहे. (हे फान डर वाल्स शाळेच्या पुस्तकातले नोबेलवाले नव्हेत.) १९८३ मध्ये नील्सन आणि बकलिन यांनी दाट मिथेनॉलसाठी दुसरं सूत्र दिलं, कारण पंचवीस टक्क्यांच्या पुढे हॅमरश्मिटचं सूत्र डगमगतं. हे सगळं आम्ही भराभर सांगितलं, कारण यातलं प्रत्येक पाऊल टोपण अधिक अचूक मोजण्याचं आहे. पाणी नेमकं किती येणार, हा मूळ प्रश्न कोणत्याही सूत्राने सोडवलेला नाही. विहीर म्हातारी होते तसं तिच्यातून खारं पाणी वाढत जातं. मीठ स्वतःच थोडं औषधाचं काम करतं, पण पाण्याचं वाढतं प्रमाण त्याला भारी पडतं. काल पुरलेलं औषध आज पुरत नाही, आणि पुरलं नाही हे नळी बंद पडल्यावरच कळतं.

आता आपल्या किनाऱ्यावर येऊ. फेब्रुवारी १९७४ मध्ये सागर सम्राट या खोदकामाच्या मंचावरून खोदलेल्या विहिरीला मुंबई हायमध्ये तेल लागलं. २१ मे १९७६ रोजी उत्पादन सुरू झालं. पहिली दोन वर्षं तेल टँकर जहाजांनी यायचं आणि त्यासोबत निघणारा गॅस तिथेच जाळून टाकावा लागायचा. १९७८ मध्ये उरणपर्यंत समुद्राच्या तळावरून सुमारे दोनशे किलोमीटरच्या नळ्या आल्या, एक तेलाची, एक गॅसची. तिथून पुढे ट्रॉम्बे, नंतर थळ, उरणचं वीज केंद्र. वसईच्या क्षेत्रातला गॅस वेगळ्या नळ्यांनी गुजरातमध्ये हजिराला गेला आणि तिथून थेट उत्तर भारतात.

मग मुंबई हायच्या नळीत मिथेनॉल किती सोडतात? इथे गोष्ट वेगळं वळण घेते. मुख्य नळीचा भरवसा औषधावर ठेवलेलाच नाही. समुद्रातल्या प्रक्रिया-मंचावरच गॅस ट्राय-इथिलीन ग्लायकॉलने धुऊन कोरडा करतात. एका उंच मनोऱ्यात वरून ग्लायकॉल खाली येतं, खालून गॅस वर जातो, पाणी ग्लायकॉल शोषून घेतं. मग ते ग्लायकॉल तापवून पाणी उडवायचं आणि पुन्हा वापरायचं. डेव्हीचा १८१० चा धडा, फक्त मोठ्या भांड्यात.

त्यातही निसर्गाने आपल्याला थोडी सवलत दिली आहे. मुंबई हायजवळ समुद्र उथळ, सत्तर-ऐंशी मीटर, आणि अरबी समुद्राच्या त्या तळाशी पाणी वीस अंशांच्या वर असतं. उत्तर समुद्रात तळाशी चार ते सात अंश. म्हणून नॉर्वे-स्कॉटलंडच्या अभियंत्यांना जे रात्रंदिवस छळतं, ते आपल्याकडे मुख्यतः ठरावीक जागी छळतं: विहिरीच्या तोंडाशी असलेल्या चोकवर आणि व्हॉल्व्हवर. दाबातून सुटलेला गॅस गार होतो, साधारण एका बारमागे अर्धा अंश. चाळीस बार एकदम उतरवला की वीस अंश गेले, मग बाहेर मे महिन्याचं ऊन असो. गावात लग्नाच्या जेवणावळीला शेगडी जोरात पेटवली की सिलिंडरवर बर्फ चढतो आणि आचारी त्याला गरम पाण्याच्या घमेल्यात ठेवतो, हे सर्वांनी पाहिलंय. तिथलं कारण थोडं वेगळं, आतला द्रव उकळताना उष्णता ओढून घेतो. पण आचारी करतो ते बरोबर करतो. चोकच्या आधी गॅस तापवायचा किंवा तिथेच थोडं मिथेनॉल टोचायचं, एवढे दोनच मार्ग तिथे असतात.

वसईच्या गॅसची आणखी एक अडचण, त्यात हायड्रोजन सल्फाइड असतो. तो पिंजऱ्यात फार आवडीने बसतो, म्हणजे हायड्रेट आणखी वरच्या तापमानाला होतो. शिवाय पाण्यासोबत तो पोलाद खातो. मिथेनॉलने पहिली अडचण जाईल, दुसरी नाही. कोरडं केल्याने दोन्ही जातात. आमच्या मते पश्चिम किनाऱ्याने औषधापेक्षा वाळवणं निवडलं, हा त्या पिढीचा शहाणा निर्णय होता. मंच मोठा झाला, खर्च एकदम झाला, पण रोजचं टोपण सुटलं.

पूर्व किनाऱ्यावर ही मुभा नव्हती. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या धीरूभाई क्षेत्रातून, ज्याला केजी-डी ६ म्हणतात, एप्रिल २००९ मध्ये गॅस सुरू झाला. आपलीच गोदावरी तिकडे समुद्राला मिळते. तिथे विहिरींची तोंडं समुद्राच्या तळावर, काही ठिकाणी हजार मीटरहून खोल. अंधार, प्रचंड दाब आणि पाच-सहा अंशांच्या आसपास तापमान. तळावर वाळवण्याचा मनोरा उभा करता येत नाही. म्हणून औषध: मोनो-इथिलीन ग्लायकॉल. आपल्या कल्पित नळीला मिथेनॉलऐवजी ते दिलं तर सूत्राप्रमाणे पाण्यात बत्तीस टक्के हवं. ऐंशी टक्क्यांचं ग्लायकॉल सोडलं तर दिवसाला तीनशे किलोच्या आसपास. ते जड द्रव आहे, वाफ होऊन जवळजवळ जात नाही. जे सोडलं ते किनाऱ्यावर परत येतं, तापवून पाणी उडवायचं आणि दुसऱ्या नळीने पुन्हा समुद्रात पाठवायचं. त्याचं दुखणं वेगळं. विहिरीचं मीठ त्यात साठत जातं आणि तापवणाऱ्या नळ्यांवर खापरासारखं बसतं.

मिथेनॉलबद्दल महाराष्ट्रात बोलताना एक गोष्ट टाळता येत नाही. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं मेली. ते विष मिथेनॉलच होतं. दिसायला, वासाला साध्या अल्कोहोलच्या जवळचं, आणि थोडंसं पोटात गेलं तरी आधी दृष्टी जाते. शेकडो पिंपं मिथेनॉल साठवणं, वाहून नेणं, त्याचा हिशेब ठेवणं हाही औषधाच्या खर्चाचा भाग आहे. म्हणूनच ‘जास्तच घाला, काय बिघडतं’ असं इथे म्हणता येत नाही.

आणि कमी पडलं तर काय होतं? २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात मॅकाँडो विहिरीचा स्फोट झाला. दीड किलोमीटर खोलीवर तेल वाहत होतं. मे महिन्यात अभियंत्यांनी शंभर टनांच्या आसपास वजनाचा पोलादी घुमट त्यावर उतरवला, आत तेल गोळा करून वर ओढायचं असा बेत. घुमटात गॅस आणि थंड पाणी भेटले. हायड्रेटने तोंड बुजवलं, शिवाय तो पाण्यापेक्षा हलका असल्याने घुमट उचलू लागला. काम सोडून द्यावं लागलं. पुढच्या टोप्यांमध्ये मिथेनॉल सोडण्याची सोय आधीच ठेवली होती.

नळीतला गोळा काढणं तर त्याहून जिवावरचं. पहिली प्रतिक्रिया माणसाची अशी की एका बाजूचा दाब सोडून द्यावा, गोळा वितळेल. वितळतो, पण आधी नळीच्या भिंतीपासून सुटतो. मागे सत्तर बार, पुढे शून्य. गोळा बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो आणि पुढच्या वळणावर नळी फाडून बाहेर येतो. कॅनडात अशा घटनेत माणूस गेल्याची नोंद आहे. दुसरी चूक, गोळ्याच्या मधोमध बाहेरून तापवायचं. मघाशी तो १६० घनमीटरचा आकडा लक्षात ठेवायला सांगितला होता. मधला हायड्रेट वितळला की त्यातला गॅस सुटतो, दोन्ही टोकं बंद, जायला जागा नाही, नळी फुटते. म्हणून दोन्ही बाजूंचा दाब सावकाश, सारखा उतरवायचा आणि थांबायचं. दिवस लागतात, कधी आठवडे. आपल्या कल्पित नळीच्या दहा दिवसांत सव्वातीन लाख पोत्यांचा गॅस थांबलेला असतो.

१९९० च्या दशकापासून वेगळ्या जातीची औषधं आली आहेत. ती पिंजरा अशक्य करत नाहीत, फक्त उशीर करतात. पाण्याच्या एक-दोन टक्के पुरतात. बर्फाळ समुद्रातल्या माशांच्या रक्तात गोठण रोखणारी प्रथिनं असतात, त्यांच्या अभ्यासातून या कल्पनेला बळ मिळालं. पण गॅस नळीत रेंगाळला, म्हणजे पुढचा कारखाना बंद पडून प्रवाह थांबला, की उशिराची मुदत संपते. जुन्या मिथेनॉलला मुदत नसते.

आता तुमच्यापैकी कुणीतरी विचारणार, म्हणून आधीच सांगतो. समृद्धी महामार्गालगत मुंबई-नागपूर गॅसनळी टाकली आहे. उद्या अशा एखाद्या नळीतून परभणीच्या स्वयंपाकघरात गॅस आला, तर त्यात मिथेनॉल असेल का? अशा लांब नळ्यांमध्ये गॅस कोरडाच भरतात. पाण्याची जगभर रूढ असलेली मर्यादा घनमीटरमागे सुमारे ११२ मिलिग्रॅम, आपल्या कल्पित नळीतल्या ओल्या गॅसच्या सहाव्या हिश्श्याएवढी. एवढ्या कोरड्या गॅसला रोज औषध लागत नाही. धोका असतो तो पहिल्या दिवशी. नवी नळी पाण्याने भरून, दाब देऊन तपासतात. ते पाणी काढलं तरी सखल भागात, नदी-ओढ्याखालच्या वळणांत डबकी राहतात. म्हणून गॅस सोडण्याआधी नळीत फोमचे बोळे हवेच्या जोराने ढकलतात, एकामागून एक, कोरडी हवा किंवा नायट्रोजन फिरवतात, काही ठिकाणी मिथेनॉलचा एक लोंढा पाठवून पुसून घेतात. पलीकडच्या टोकाला येणाऱ्या हवेचा दवबिंदू मोजतात. तो ठरलेल्या आकड्याखाली उतरेपर्यंत व्हॉल्व्ह उघडत नाहीत, मग उद्घाटनाची तारीख कुणी कितीही आधी छापलेली असो.